बंदी आणि होकार

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव ठाऊक नाही असा मराठी वाचक विरळाच. वर्षाकाठी जेमतेम चारशे ते पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. उघड्याबोडक्या टेकड्या, कोरड्या विहिरी, आणि शेतीवर पोट भरेना म्हणून पेटलेल्या दारूच्या भट्ट्या, असे या गावाचे जुने चित्र होते. १९७५ साली सैन्यातील नोकरी संपवून किसन बाबुराव हजारे गावी परतले. संत यादवबाबांच्या मोडकळीस आलेल्या देवळाच्या जीर्णोद्धारापासून त्यांनी कामास आरंभ केला. पुढे समतल चर, नालाबांध व पाझर तलाव झाले. उतारावरून वाहून जाणारे पाणी गावातच मुरू लागले आणि विहिरींना पाझर फुटले. १९९२ साली अण्णांना पद्मभूषण मिळाले. त्याच सुमारास राळेगणच्या धर्तीवर राज्य शासनाने ‘आदर्श गाव योजना’ सुरू केली.

या साऱ्या कामाचे सार पाच शब्दांत सांगितले जाते. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही ती पंचसूत्री. तिच्यातील चौथे सूत्र काही जण ‘कुटुंबनियोजन’ अशा सौम्य शब्दाने सांगतात; परंतु बंदीच्या पंगतीत बसते ते नसबंदीच. शाळकरी मुलांनीही ही सूत्रे पाठ केलेली असतात. पाठ झालेल्या शब्दांकडे मात्र आपण सहसा पुन्हा पाहत नाही. म्हणून येथे थोडे थांबून पाहू या. दारूची बंदी भट्टीवर आणि गुत्त्यावर पडते. कुऱ्हाडीची बंदी झाडापाशी आणि चराईची बंदी गायरानापाशी लागू होते. चौथी बंदी मात्र गुत्त्यावर, झाडावर वा कुरणावर पडत नाही. ती माणसाच्या देहावर पडते. पहिल्या तीन गोष्टी गावाच्या सामाईक मालकीच्या किंवा गावाला सामाईक उपद्रव देणाऱ्या आहेत. देह हे गावचे गायरान आहे काय? आणि नसेल, तर मूल व्हावे की होऊ नये, केव्हा व्हावे आणि किती व्हावीत, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

आरंभीच एक न्याय्य गोष्ट मान्य केली पाहिजे. हे सूत्र कोणा दुष्ट हेतूने आलेले नाही. जेथे हंडाभर पाण्यासाठी बाईला मैल दोन मैल चालावे लागते, तेथे खाणारी तोंडे आणि पिकणारे धान्य यांचा हिशेब मांडणे हा निष्ठुरपणा नव्हे. ती गावच्या कारभाऱ्याची काळजी होय. लागोपाठच्या बाळंतपणांनी खंगून गेलेल्या स्त्रिया आपल्या घरांतूनही होऊन गेल्या आहेत. तेव्हा कुटुंबाचा आकार हा विचार करण्याजोगा विषय आहे की नाही, हा वादच नाही. खुद्द ख्रिस्तसभा ‘जबाबदार पालकत्व’ असा शब्द वापरते. प्रश्न आहे तो जबाबदारी कोणी उचलायची आणि ती कोणावर लादली जाऊ नये, याचा.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी ज्या देहाविषयी हे सारे ठराव होतात, त्या देहात काय घडते ते पाहणे इष्ट ठरेल. आपल्याकडे या विषयावर उपदेश भरपूर झाला, माहिती मात्र फारशी दिली गेली नाही.

स्त्रीच्या मासिक चक्राचा कारभार गर्भाशयातून चालत नाही. तो मेंदूच्या तळापासून सुरू होतो. तेथील हायपोथॅलॅमस नावाचा भाग ठरावीक अंतराने एक सूचना धाडतो. ती ऐकून वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी दोन संप्रेरके, म्हणजे ज्यांना आपण हार्मोन्स म्हणतो ती, रक्तात सोडते. त्यांपैकी पहिल्याच्या प्रभावाने बीजकोशातील काही पुटिका वाढू लागतात आणि बहुधा त्यांतील एकच पुढे जाते. वाढणारी पुटिका स्वतः इस्ट्रोजेन तयार करते. त्यामुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होते आणि गर्भाशयाच्या मुखाशी असलेला स्राव पातळ, निसरडा व तार धरणारा होतो. इस्ट्रोजेनची पातळी पुरेशी उंच गेली की पीयूषिका आपले दुसरे संप्रेरक एकदम मोठ्या प्रमाणात सोडते, आणि त्यानंतर सुमारे दीड दिवसात बीज बाहेर पडते. हे बीज बारा ते चोवीस तासच जिवंत असते. पुरुषबीज मात्र अनुकूल स्रावात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकते. म्हणजेच पुऱ्या चक्रात गर्भधारणेला अनुकूल असे दिवस साधारण सहाच.

बीज गेल्यावर रिकामी पुटिका वाया जात नाही. तिचा पीतपिंड बनतो आणि तो प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक निर्माण करतो. संभाव्य गर्भासाठी अस्तर स्थिर राखणे हे त्याचे काम. याच्याच प्रभावाने शरीराचे तापमान अंशाच्या काही दशांशांनी वाढते आणि स्राव पुन्हा घट्ट होतो. गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांत पीतपिंड सुकतो, संप्रेरके ओसरतात आणि अस्तर रक्तासह बाहेर पडते. हीच पाळी. चक्र अठ्ठावीस दिवसांचे असते असे आपण म्हणतो खरे, परंतु एकवीसपासून पस्तीस दिवसांपर्यंतची चक्रेही निरोगी स्त्रियांत आढळतात. कष्ट, उपासमार, आजार, चिंता यांनी ते पुढेमागे होते. मूल पूर्णपणे अंगावर पीत असेल, पाळी परत आलेली नसेल आणि मूल सहा महिन्यांच्या आतले असेल, तर पुन्हा गर्भ राहण्याची शक्यता फारच थोडी असते. जुन्या बायकांना हे आडाख्याने ठाऊक होते.

गर्भनिरोधक गोळी याच संवादात शिरते. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांच्यासारखी द्रव्ये रोज बाहेरून मिळाली की पीयूषिका बीज तयार करण्याचा निरोप धाडीत नाही. अमेरिकेत १९६० साली या गोळीला मान्यता मिळाली. तिच्या निर्मात्यांपैकी डॉक्टर जॉन रॉक हे नेमाने मिस्साला जाणारे कॅथोलिक गृहस्थ होते, आणि गोळी निसर्गाच्याच क्रमाचा विस्तार करते असा त्यांचा प्रामाणिक दावा होता. ख्रिस्तसभेने तो स्वीकारला नाही. आपल्याकडे ‘माला-डी’ या नावाने हीच गोळी घरोघर पोहोचली. तिच्या पाकिटात एकवीस गोळ्या संप्रेरकांच्या आणि सात लोहाच्या असतात. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने शोधलेली, संप्रेरकविरहित अशी ‘सहेली’ १९९१ मध्ये बाजारात आली. हीच गोळी पुढे ‘छाया’ या नावाने सरकारी दवाखान्यांत मिळू लागली.

या वर्णनातून एक गोष्ट ध्यानात यावी. हे चक्र म्हणजे बंद करण्याचा नळ नव्हे. मेंदू, ग्रंथी, बीजकोश आणि गर्भाशय यांचे आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे चालणारे ते संभाषण आहे, आणि ते एका विशिष्ट स्त्रीच्या आयुष्याशी, तिच्या अन्नाशी, श्रमाशी व मनाशी निगडित आहे. ते तिच्यात चालते. असे असूनही या संभाषणात तिचाच शब्द सर्वांत कमी ऐकला गेला, असे आपल्या समाजाचा इतिहास सांगतो.

प्रथम धर्माच्या नावाने तसे झाले. पाळी म्हणजे विटाळ. ‘कावळा शिवला’ म्हणून बाईने बाजूला बसावे. चोखोबांची पत्नी संत सोयराबाई हिने चौदाव्या शतकात आपल्या अभंगातून विटाळाच्या कल्पनेलाच प्रश्न विचारला. जुन्या करारातील लेवीय ग्रंथातही रजस्वलेला अशुद्ध मानणारे नियम आहेत. त्या पार्श्वभूमीवर मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील प्रसंग वाचावा. बारा वर्षे रक्तस्राव सोसणारी, अनेक वैद्यांकडे सारा पैसा खर्चून बसलेली स्त्री गर्दीत मागून येते आणि प्रभूच्या वस्त्राला स्पर्श करते. नियमाप्रमाणे तिच्या स्पर्शाने तो अशुद्ध व्हायला हवा. प्रभू मात्र थांबतो, तिला बोलू देतो, तिची सारी हकिकत ऐकून घेतो आणि तिला ‘मुली’ म्हणून हाक मारतो. तिच्या देहाविषयी तिच्याच तोंडून ऐकून घेणारा तिला बारा वर्षांत भेटलेला कदाचित हाच पहिला पुरुष असावा.

धर्मानंतर मजुरीच्या नावाने तसेच झाले, आणि हे आपल्या शेजारचे, आपल्या काळातले आहे. बीड जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या दरवर्षी अहिल्यानगर आणि अन्य साखरपट्ट्यांकडे निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस काम चुकले की ‘खाडा’ आणि त्याचा दंड. पाळीच्या दिवसांत पोट दुखले तरी फडात उभे राहावे लागते, तेथे आडोसा नाही आणि पाणीही नाही. अशा स्थितीत कित्येक तरुण स्त्रियांनी गर्भाशयच काढून टाकल्याचे २०१९ साली उघडकीस आले. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. यांतील प्रत्येकीने कागदावर अंगठा अथवा सही केलीच असणार. ‘खाडा’ चुकविण्यासाठी दिलेल्या त्या सहीला संमती म्हणावे काय, हा प्रश्न कायद्याचा कमी आणि आपल्या विवेकाचा अधिक आहे.

आणि देशाच्या नावानेही तसेच झाले. भारताने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. आणीबाणीच्या काळात त्याला सक्तीचे रूप आले. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. १९७६ मध्येच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करणारे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, एवढेच आपले सुदैव. त्या वर्षांत शस्त्रक्रियेस मुख्यतः पुरुषांना नेले गेले आणि १९७७ च्या निवडणुकीत लोकांनी त्याचा हिशेब चुकता केला. त्यानंतर शासनाने पुरुषांना दुखविण्याचे सोडून दिले. भार मात्र नाहीसा झाला नाही; तो स्त्रियांकडे सरकला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतली होती. पतीने नसबंदी केलेल्यांचे प्रमाण ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया काही मिनिटांची, वरवरची. स्त्रीची मात्र पोट उघडून वा दुर्बीण घालून करावयाची. ‘नसबंदी’ हा शब्द मुळात पुरुषाच्या बीजवाहिनीचा. तो उच्चारला पुरुषांनी आणि सोसला बायकांनी. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर येथे एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यानंतर १३ जणी दगावल्या. अशी शिबिरे बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिला.

सक्ती नेहमी मुले कमी करण्यासाठीच होते असेही नव्हे. रुमानियात १९६६ साली नेमकी उलटी सक्ती झाली. लोकसंख्या वाढावी म्हणून तेथील राजवटीने गर्भपातावर बंदी घातली आणि गर्भनिरोधक साधने दुर्मिळ करून टाकली. १९८९ साली ती राजवट कोसळली तेव्हा अनाथाश्रमांत टाकून दिलेल्या मुलांची दशा जगाने पाहिली. चीनने तीन दशकांहून अधिक काळ एकच मूल असा नियम चालविला आणि २०२१ साली तीन मुलांना परवानगी दिली. दिशा कोणतीही असो, स्त्रीच्या उदरावर धरलेला हात एकच असतो.

येथे कोणी म्हणेल, राळेगणची गोष्ट निराळी. तेथे सरकार नव्हते. तेथे ग्रामसभा होती, सारे एकमेकांना ओळखणारे होते, ठराव सर्वांनी केला होता. या युक्तिवादात तथ्य आहे, पण त्यातच धोकाही आहे. सरकारी माणूस एकदा येतो आणि निघून जातो. शेजारी मात्र रोज भेटतो. गावाचा शब्द मोडणाऱ्याला पाणवठ्यावर, देवळात, लग्नकार्यात त्याची किंमत मोजावी लागते. दारू न सोडणाऱ्यांना राळेगणात खांबाला बांधून फटके दिले गेले, ही गोष्ट अण्णांनी लपविलेली नाही. आईने आजारी मुलाला कडू औषध पाजावे तसे ते, असे समर्थनही केले गेले. चौथ्या सूत्रासाठी कोणावर हात उगारला गेला असे येथे सुचवावयाचे नाही. मुद्दा एवढाच की, जेथे गाव स्वतःला आई मानते आणि सारी सूत्रे एका दमात म्हणवून घेते, तेथे ‘नको’ म्हणणाऱ्या एकट्या सुनेचा आवाज कोणाला ऐकू येणार? ठरावाच्या वेळी हात वर झाले असतील. त्यांत ज्यांच्या देहाविषयी ठराव होता त्या किती होत्या, आणि ज्या होत्या त्यांना हात खाली ठेवण्याची मुभा होती काय, हे विचारणे प्राप्त आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या संविधानात याबाबत स्पष्ट भूमिका घेतली. मुले किती असावीत याचा निर्णय देवासमोर पतिपत्नींनीच करावयाचा आहे. तो सार्वजनिक सत्तेच्या हाती देता येणार नाही, असे त्या परिषदेने सांगितले. पुढे २५ जुलै १९६८ रोजी पोप सहावे पॉल यांनी ‘हुमाने व्हिते’ हे परिपत्रक काढले. त्यातील एक भाग सर्वांना पाठ आहे. कृत्रिम साधने आणि नसबंदी यांचा त्यात निषेध आहे. गर्भधारणेला प्रतिकूल अशा नैसर्गिक दिवसांचा आश्रय घेण्यास, सबळ कारण असल्यास, मुभा आहे. आजारावरील उपचार म्हणून घेतलेल्या औषधाने गर्भधारणा टळली तरी ते निषिद्ध नाही. यावर तेव्हापासून वाद झाला. पोपमहोदयांनी नेमलेल्या आयोगातील बहुसंख्य सदस्यांचे मत वेगळे होते, हेही जगजाहीर आहे.

परंतु त्याच परिपत्रकातील आणखी दोन गोष्टी आपल्या प्रवचनांत क्वचितच ऐकू येतात. एक म्हणजे, सोयीची साधने हाती आली की सत्ताधारी ती प्रजेवर लादतील, हा तेथे दिलेला इशारा. आठ वर्षांनी आपल्या देशात तो अक्षरशः खरा ठरला. दुसरी त्याहून जवळची, घरातली. जोडीदाराची अवस्था आणि त्याच्या रास्त इच्छा न पाहता लादलेला शरीरसंबंध हे प्रेमाचे कृत्य नव्हे, तो नैतिक व्यवस्थेचा भंग आहे, असे तेराव्या परिच्छेदात म्हटले आहे. हे १९६८ साली लिहिले गेले. आपल्या देशात २०२४ साली लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही विवाहित पतीला या बाबतीत दिलेला अपवाद कायम ठेवला आहे. म्हणजे जे कायद्याला अद्याप म्हणता आलेले नाही, ते ख्रिस्तसभेने फार पूर्वी म्हणून ठेवले आहे; आणि आपण मात्र ते आपल्या घरांत सांगितले नाही.

हे वाक्य ध्यानात घेतले म्हणजे नैसर्गिक पद्धतीकडेही वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते. जपानमधील ओगिनो आणि ऑस्ट्रियातील क्नाउस या दोन वैद्यांनी १९२० च्या दशकात बीज सुटण्याच्या दिवसाचा हिशेब मांडला. स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या कारकिर्दीत, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, दिल्ली आणि म्हैसूर राज्यातील रामनगरम येथे याच पद्धतीचा प्रयोग झाला. दिवस मोजण्यासाठी स्त्रियांना रंगीत मण्यांची माळ दिली गेली. अंधारात रंग ओळखू येईना. कोणी मणी उलट सरकवी. मणी सरकविला म्हणजेच काम झाले असे कोणास वाटे. प्रयोग फसला. पुढे ऑस्ट्रेलियातील बिलिंग्ज दांपत्याने मण्यांऐवजी स्रावाच्या निरीक्षणावर भर दिला. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत त्याची परीक्षा घेतली. त्यांतील एक केंद्र बंगलोरचे होते. शाळा न शिकलेल्या स्त्रियांसह बहुतेक साऱ्या जणींना आपले अनुकूल दिवस पहिल्याच चक्रात ओळखता आले. त्याच परीक्षेतून दुसरी गोष्टही दिसली. अपयश आले ते मुख्यतः दिवस ओळखता न आल्याने नव्हे, तर ओळखूनही संयम न पाळल्याने.

आता विचारावयाचे ते हे: संयम कोणी पाळला नाही? दिवस ओळखणारी एक आणि दार ठोठावणारा दुसरा, अशी जेथे स्थिती आहे तेथे नैसर्गिक पद्धती ही पत्नीच्या डोक्यावर ठेवलेली आणखी एक घागर ठरते. ती दिवस मोजते, नकार द्यावयाचा तीच देते, नकाराची शिक्षा तीच भोगते, आणि दिवस गेले तर चूकही तिचीच. अशा घरात पद्धतीला ‘नैसर्गिक’ म्हटल्याने ती नैतिक होत नाही. तिची नैतिकता दोघांनी मिळून जाणण्यात, बोलण्यात आणि थांबण्यात आहे. निसर्ग दिवस दाखवील. दुसऱ्याचे ऐकण्याचे काम निसर्ग करणार नाही.

या मुद्द्यावर आपल्या महाराष्ट्रातील दोन परस्परविरोधी पुरुषांची साक्ष काढण्यासारखी आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्यापायी महाविद्यालयातील नोकरी गमावली, आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. ते धर्म मानीत नसत. स्त्रीचा देह स्त्रीचा आहे, हे मात्र ठामपणे मानीत. उलट महात्मा गांधींना कृत्रिम साधने मुळीच मान्य नव्हती. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर त्यांना भेटण्यास वर्ध्याला आल्या, तेव्हाही ते आपल्या मतापासून ढळले नाहीत. सुरक्षित दिवसांच्या पद्धतीत निदान काही संयम आहे म्हणून ती त्यांना तितकीशी त्याज्य वाटली नाही. पण त्याच भेटीत त्यांनी आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगितली: पतीला नकार देण्याचा आपला मूलभूत हक्क स्त्रियांनी शिकला पाहिजे. नास्तिक कर्वे, ब्रह्मचर्यवादी गांधी आणि रोमचे पोपमहोदय यांचे साधनांविषयी कधी जुळले नसते. तरीही तिघांच्या बोलण्यातून एक समान सूत्र निघते: स्त्री हे कोणाच्याही हेतूचे साधन नव्हे.

आपल्या श्रद्धेत या सूत्राचा आधार याहूनही खोल आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात देवदूत नाझरेथच्या कुमारीकडे येतो. मानवजातीच्या तारणाचा प्रश्न आहे. याहून मोठे सार्वजनिक हित ते कोणते? तरीही देव तिच्या उदरावर ठराव लादीत नाही. तो निरोप पाठवितो. ती घाबरते, विचार करते, ‘हे कसे होईल’ असा प्रश्न विचारते. त्या प्रश्नाला उत्तर मिळते. आणि मग ती होकार देते. योसेफाची, गावाची वा याजकाची परवानगी त्यापूर्वी विचारली गेलेली नाही. दर दिवशी तीनदा देवळाची घंटा वाजते आणि आपण या होकाराचे स्मरण करतो. ज्या देवाने मारियेला विचारले, त्याची भक्ती करणाऱ्यांनी आपल्या पत्नीला, सुनेला, गावातल्या लेकीला न विचारता तिच्या उदराचे निर्णय करावेत, यासारखी विसंगती नाही.

यावर एक आक्षेप येईल. होकारावर एवढा भर दिला, तर दोघांच्या संमतीने वापरलेले प्रत्येक साधन योग्य ठरेल, मग शिकवणीला अर्थ काय उरला? आक्षेप बिनतोड नाही. होकार असला की सारे योग्य, असे येथे म्हटलेले नाही. साधनाच्या योग्यायोग्यतेचा विचार त्यापुढेही करावाच लागतो, आणि कॅथोलिक पतिपत्नींनी तो ख्रिस्तसभेच्या शिकवणीच्या प्रकाशात, आपल्या विवेकाला स्मरून करावयाचा आहे. पण होकार ही पहिली पायरी आहे. ती ओलांडून कोणी वर चढू लागला, तर वरच्या साऱ्या पायऱ्या व्यर्थ ठरतात. सक्तीने केलेली नसबंदी जितकी पापमय, तितकेच सक्तीने लादलेले मातृत्वही. पहिल्याविषयी आपण मोठ्याने बोलतो. दुसऱ्याविषयी बोलताना आपला आवाज बसतो.

आणि हा विषय परक्यांचा नाही. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात देशातील ख्रिस्ती स्त्रियांचा सरासरी जननदर १.८८ होता, हिंदू स्त्रियांचा १.९४. आपली कुटुंबेही लहान झाली आहेत. ती कोणत्या मार्गाने झाली, कोणी किती सोसले, हे प्रत्येक घर जाणते आणि कोणी बोलत नाही. मनात अपराधाची भावना घेऊन बाई देवळात मागच्या बाकावर बसते. तिला त्या निर्णयापर्यंत आणणारा पती मात्र पुढच्या बाकावर निर्धास्त असतो. हे चित्र आपल्या धर्मग्रामांत नाही असे छातीठोकपणे किती जणांना म्हणता येईल?

राळेगणकडून येथे खरोखरच एक धडा घेता येईल, आणि तो चौथ्या सूत्रात नसून पाण्याच्या कामात आहे. त्या गावाने पावसावर बंदी घातली नाही की पाऊस पडावा म्हणून आज्ञा काढली नाही. पाणी कोठून येते, कोणत्या उतारावरून पळते, कोठे मुरते, हे माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाहिले, समजून घेतले, आणि मग कुदळ हाती घेतली. जमिनीच्या बाबतीत जे ज्ञान आधी आले, ते देहाच्या बाबतीतही आधी यावयास हवे. वयात येणाऱ्या मुलीला आईने पाळीविषयी ‘कोणाला सांगू नकोस’ एवढेच सांगू नये. काय घडते आणि का घडते ते सांगावे. मुलालाही ते सांगावे, कारण उद्या थांबावयाचे आहे ते त्याला. विवाहपूर्व तयारीच्या वर्गात या विषयाला घाईघाईने उरकलेला अर्धा तास न देता, जाणत्या डॉक्टरीणबाई आणि अनुभवी दांपत्ये यांच्या तोंडून तो समजावून द्यावा. धर्मगुरूंनी परिपत्रकातील निषेधाचा परिच्छेद वाचताना तेराव्या परिच्छेदाचेही वाचन करावे.

आणि घरात, दिवा मालवण्यापूर्वी, पतीने एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी: ‘तुला काय वाटते?’ उत्तर ‘नको’ असे आले, तर रुसू नये, आवाज चढवू नये, दुसऱ्या दिवशी त्याचा सूड उगवू नये. एवढे ज्या घरात साधेल, तेथे कुटुंब दोन मुलांचे असो वा पाचांचे, ते दोघांनी मिळून उभे केलेले असेल.